वाटीतले केक

त्या दोन वर्षांत आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलला गेलेला शब्द म्हणजे 'संडास'. लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. मी बी.कॉम. झाले आहे. माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही घरांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि ते मी कुठेही ताठ मानेने सांगते. पण ज्या घरात पाच वर्षांच्या पोरीला दिवसातून चार-पाचदा उचलून चाळीच्या टोकाच्या संडासात न्यावं लागतं, त्या घराची गोष्ट याहून बऱ्या शब्दाने सुरू करता येत नाही.

आम्ही नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. एक खोली, वर पोटमाळा. माझा नवरा प्रशांत आधी लूमवर होता. मालकाने लूम भंगारात काढून जागा गोडाऊनला दिली, तेव्हा प्रशांत त्याच जागेत माल उतरवून घेणारा सुपरवायझर झाला. मी दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये बिलिंगला होते. मुलीच्या आजारपणात माझ्या इतक्या सुट्ट्या झाल्या की शेठने एक दिवस मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, आप पहले घर देख लो." चहा मागवला तेव्हाच मला कळलं होतं.

मुलीचं नाव रिद्धी. तिचं पोट ढोलासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. बरोबरीची पोरं तिच्या डोक्यावरून वर गेली आणि ही होती तिथेच राहिली. जंतांचं औषध झालं, रक्तवाढीचं टॉनिक झालं, दृष्ट काढून झाली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "खाते तर एवढं, मग जातं कुठं?" काही जणी तोंडावर म्हणायच्या, "खायला देतेस ना गो पोरीला?" सुरुवातीला मी चिडून उत्तर द्यायचे. मग नुसतं हसायचे. मग तेही बंद केलं. थकलेल्या माणसाला हसायलाही ताकद लागते.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या खाडीकाठच्या गावातल्या, बोलायला फटकळ. त्यांनी देवीला नवस केला आणि आम्ही सगळे बसने वज्रेश्वरीला गेलो. जाताना रिद्धीने दोनदा ओकारी काढली. पण तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसली, तेवढा वेळ ती हसत होती. त्या वर्षातला तिचा हसरा असा मला तो एवढाच दिवस आठवतो.

आजाराला नाव मिळालं

ठाण्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एका तरुण डॉक्टरीण बाईंनी रिद्धीची नखं पाहिली, पोट दाबलं आणि मला विचारलं, "हिला चपाती कधीपासून देताय?"

मी म्हटलं, "वर्षाची झाली तेव्हापासून. आमच्याकडे सगळे भात-भाकरीवाले. मी मुद्दाम चपातीची सवय लावली."

त्यांनी मान हलवली आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. ती आल्यावर दुर्बीण घालायची ठरली. दुर्बीण म्हणजे भूल देऊन तोंडातून आतड्यापर्यंत नळी घालतात आणि आतला बारीक तुकडा काढतात. त्या दिवशी रिद्धीने माझं बोट धरलं होतं. दारापाशी ते सोडवावं लागलं. ती रडली नाही, फक्त माझ्याकडे बघत मागे मागे गेली. आतून एक मावशी आल्या आणि त्यांनी तिच्या चपला माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "धरून बस. आत हरवतात." चपला हरवू नयेत म्हणूनच त्या बोलल्या, पण मला धरायला काहीतरी मिळालं. प्रशांत गोडाऊनचं ओळखपत्र गळ्यात तसंच अडकवून माझ्या शेजारी बसला होता.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिअॅक. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गव्हात आणि जवात एक चिकट द्रव्य असतं, ते या मुलांच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून सोलून निघतं, मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. चपाती, ब्रेड, बिस्कीट, शेवया, रवा, मैदा, सगळं बंद.

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायमचं."

आईंनी विचारलं, "आन् औषध?"

"हेच औषध."

बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "एवढी इस्पितळं केली, आन् औषध काय, तर चपाती बंद. आपल्या घरात सात पिढ्या तांदळाची भाकर. गहू तूच आणलास."

खरं तर वाईट काही निघालं नाही म्हणून हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. 'कायमचं' हा शब्द पाच वर्षांच्या पोरीला कसा सांगायचा, एवढंच डोक्यात होतं.

बेकरी बंद

जेवणाचं जमलं. माझं माहेर वज्रेश्वरीच्याही पुढे, भाताच्या गावात. तिथे गहू कोणी पिकवत नाही आणि गावच्या गिरणीत दळतही नाही. भाऊ तिथून तांदळाचं पीठ पाठवायचा, आई त्याच्या भाकऱ्या थापायच्या आणि रिद्धी निमूट खायची.

अडलं ते खाऊपाशी. प्रशांत सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीतून तिच्यासाठी कागदाच्या वाटीतले छोटे मावा केक आणायचा. लेकीचा आणि बापाचा तो कार्यक्रमच होता. आता तो बेकरी टाळून मागच्या गल्लीने घरी यायला लागला. पहिल्या सुट्टीला तिने त्याचे खिसे चाचपले.

"पप्पा, बेकरी बंद होती?"

"हो."

पुढच्या सुट्टीला पुन्हा बंद. त्याच्या पुढच्या सुट्टीला ती म्हणाली, "बेकरीवाल्या काकांच्या पण पोटात दुखतं का?"

प्रशांतने माझ्याकडे बघितलं आणि चप्पल न काढता परत बाहेर गेला. तेव्हा मी ठरवलं की केक घरात करायचा.

ओव्हन आमच्याकडे नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात खाली मीठ पसरलं, वर कुकरची जाळी ठेवली आणि तिच्यावर चटणीच्या स्टीलच्या वाट्यांत मिश्रण. तांदळाच्या पिठाचा केक सोपा नसतो, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. गव्हाचं पीठ स्वतःला धरून ठेवतं, तांदूळ धरत नाही. पहिला घाणा वाटीतून काढताच त्याचा भुगा झाला. रिद्धीने चमच्याने खाल्ला आणि शहाण्यासारखी म्हणाली, "छान आहे, पण वाळू लागते." दुसऱ्या वेळी अंडं जास्त घातलं, तर दगड झाला. प्रशांत म्हणाला, "हा मला दे. गोडाऊनचं दार वाऱ्याने लागतं, खाली अडकवायला होईल."

मोबाइलवर कुठेतरी वाचलं की इसबगोल भिजवून घातलं तर चिकटपणा येतो. आईंचं इसबगोल फडताळात होतंच. मी चमचाभर काढलं.

"माजं औषध?" आई म्हणाल्या. "पोरीचं आधीच पातळ, त्यात तू आनखी साफ करनार?"

"भिजवल्यावर बांधून धरतं, आई."

"माज्या पोटात तर कवाच कायी बांधून धरलं न्हाय."

पण जमलं. इसबगोल, एक पिकलेलं केळं, अंडं, थोडा खवा, वेलची. वाटी उलटी केली आणि केक अख्खा बाहेर आला, वरून तपकिरी, आतून मऊ. रिद्धीने एक खाल्ला. दुसरा हातात धरून विचारलं, "आपलं बंद नाही ना होणार?"

"नाही होणार," मी म्हणाले.

त्या दिवसापासून रविवारी वाटीतले केक ठरलेले. तिचे जुलाब थांबले होते, गालांवर जरा रंग आला होता. मी परत नोकरी शोधायला लागले.

पोट पुन्हा फुगलं

आजारपणाबद्दल लिहिताना लोक उतार लिहितात, मग चढ लिहितात. आमच्याकडे चढावर आल्यासारखं वाटलं आणि पाय घसरला. पोट परत फुगायला लागलं. सोमवारी शाळेत जायचं म्हटलं की ती पोट धरून बसायची. मला वाटलं, शाळा चुकवायचे बहाणे. मग एक दिवस तिने परत मला संडासाकडे पळवलं आणि हे बहाणे नाहीत, अशी माझी खात्री झाली.

रक्ताची तपासणी पुन्हा केली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. "हा आकडा खाली यायला हवा होता, तो चढलाय. घरात कुठून तरी गहू जातोय. शोधा. पुढच्या तपासणीत उतरला नाही, तर परत दुर्बीण घालून बघावं लागेल."

'दुर्बीण' हा शब्द रिद्धीने ऐकला. घरी येईपर्यंत तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, झोप लागली तरी सोडलं नाही. ती परत त्या दारातून मागे मागे जाताना मला बघायची नव्हती. पुढचे सगळे दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मी घर उपसलं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ निघालं. आपण रोज डाळीत घालतो तो हिंग! डबी फेकली. शाळेत बाईंना सांगितलं की डबा कोणाशी बदलू देऊ नका. शेजारच्या मुलांना दम दिला. तरी सोमवारी पोट दुखायचंच.

मग माझा संशय आईंवर गेला. प्रसादाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. 'देवाच्या दाण्यानं कुनाला कायी व्हत न्हाय' असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. एकदा त्या देवळातून आल्या आणि मोरीत पाय धुवायला गेल्या, तेव्हा मी त्यांची कापडी पिशवी चाचपली. मागे वळले तर त्या उभ्या.

त्या ओरडल्या नाहीत. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि माझ्यासमोर उलटी झटकली. मशेरीची पुडी, अंगारा, रुमाल.

"बगितलंस? न्हाय ना कायी? आता माजं ऐक. रविवारी तुजे केक खाते आन् सोमवारी पोट धरते. जे दुकतंय ते तुज्याच वाटीत हाय."

"माझ्या केकात काय आहे? तांदूळ, अंडं, केळं."

"ते मला नको सांगू. मी अडानी हाय."

हे शेवटचं त्यांनी मला लागावं म्हणूनच म्हटलं, आणि लागलं. आमचं बोलणं बंद झालं. एका खोलीत तीन मोठी माणसं आणि त्यातल्या दोघी अबोल, म्हणजे भांडीसुद्धा जपून ठेवावी लागतात. प्रशांत म्हणाला, "मी डबल ड्युटी लावून घेऊ का? तिकडे शांत असतं." ट्रकमधून गठ्ठे आदळतात त्या जागेला तो शांत म्हणत होता.

"पहले आपका"

आता पिठाबद्दल सांगते, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

गावचं पीठ भाकरीला चांगलं, पण जाडसर. केकला बारीक लागतं. म्हणून केक जमायला लागल्यावर मी गावचाच तांदूळ धुऊन, वाळवून डब्यात भरायचे आणि आई तो आमच्या नाक्यावरच्या गिरणीत बारीक दळून आणायच्या. अबोला सुरू झाल्यावर मी म्हटलं, आपलं काम आपणच करावं. डबा घेतला आणि गेले.

गिरणी उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या चाचांची. संध्याकाळची वेळ, डब्यांची रांग दारापर्यंत. मी शेवटचा नंबर धरला. चाचांनी माझा डबा ओळखला.

"ये तो अम्मा का डिब्बा है. आप बहू हो? भाभी, आप लाइन में मत खड़े रहो. बच्ची बीमार है ना. पहले आपका निकालता हूँ."

पुढची बाई लगेच बाजूला झाली. "घ्या घ्या, ताई. आजी नेहमी सांगतात तुमच्या मुलीचं. आता कशी आहे?" दुसरीनेही डबा मागे ओढला. सासूबाईंनी सगळ्या रांगेला रिद्धीची कहाणी सांगितली होती आणि ती रांग दर वेळी आमच्यासाठी सरकत होती. एवढ्या महिन्यांत माझ्या पोरीसाठी कोणीतरी न मागता काहीतरी केलेलं मी बघत होते. माझे डोळे भरून आले.

चक्कीत कोणाचा तरी गहू चालू होता. तो संपत आला तसा चाचांनी वरून माझा तांदूळ ओतला. चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ माझ्या डब्यात पडायला लागलं.

ते पांढरं नव्हतं.

पहिलं ओंजळभर पीठ तांबूस होतं. मग फिकट झालं. मग हळूहळू पांढरं. चाचांनी बाहीवर दोन थापा मारल्या, तसा आतून आणखी थोडा तांबूस धुरळा पडला. सगळं चांगलं मिसळावं म्हणून त्यांनी डबा हलवून दिला.

गिरणीत गेलेल्या प्रत्येक बाईला एक प्रश्न माहीत असतो, 'कशावर दळलं?' ज्वारीवर गहू आला तर चपाती तुटते, मिरचीवर काही आलं तर घर शिंकतं. मी पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होते, पण तांदूळ कशावर दळला, हे कधी विचारलंच नाही. आईंनीही विचारलं नाही, कारण भाकरीला तेवढ्याने काही बिघडत नाही. रांगेत थांबलो असतो, तर कधी कोणाच्या तांदळावर, कधी डाळीवर तरी आमचा नंबर लागला असता. पण आजारी मुलीचं म्हणून आमचा डबा दर वेळी पुढे जायचा आणि संध्याकाळी त्या चक्कीत बहुतेक वेळा गहूच चालू असायचा.

मी डबा उचलला. चाचा म्हणाले, "बच्ची को दुआ." मी मान हलवली.

आईंना सांगणं

वाटेत वाटलं, आईंना सांगूच नये. दर आठवड्याला गुडघा दुखत असताना त्या डबा घेऊन गेल्या होत्या. पण न सांगता पिठाचं काय करणार? आणि पिशवी तपासून मी त्यांना चोर ठरवलं होतं, ते तसंच राहिलं असतं. घरी येऊन मी डबा त्यांच्यापुढे उघडला आणि बघितलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी पिठात बोट घातलं, चिमूट काढून तळहातावर पसरली, बराच वेळ बघितली.

"म्हंजे मीच नेऊन घातला की गो तिच्या पोटात."

"तुम्ही नेला, मी भाजला. दोघींनी मिळून घातला."

"आन् तू पिशवी तपासत हुतीस." तळहात झटकून म्हणाल्या, "डोस्कं तपासायचं हुतं. दोघींचं."

माफी मी मागितली नाही, त्यांनीही नाही. त्यांनी चहा टाकला आणि माझा कप माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. नाक्यावर आणखी कोणाच्या घरात असं लेकरू असेल, म्हणून त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी चक्की बंद करून ऐकलं. मग म्हणाले, "मैं तो बच्ची के लिए जल्दी देता था."

"पता है, चाचा. इसलिए खुद बताने आई."

त्यांना परत चक्की लावायला जरा वेळ लागला.

मिक्सरचं पीठ

केक थांबवले. रिद्धीला सांगितलं, थोडे दिवसच. ती म्हणाली, "म्हणजे बंद." तिला पटवायच्या भानगडीत मी पडले नाही. मिक्सरचं नवं भांडं आणलं, जुन्या भांड्यात चपातीचे तुकडे कधीतरी फिरवले होते. तांदूळ भिजवायचा, सावलीत कपड्यावर कोरडा करायचा, मिक्सरमध्ये फिरवायचा आणि ओढणीच्या कापडातून चाळायचा. चाळायचं काम आईंनी घेतलं. त्या दाराशी बसून चाळतात, आणि कोणी चपातीचा डबा घेऊन आत यायला लागलं की म्हणतात, "भायेर उभी ऱ्हा. हितं पोरीचं पीठ हाय." लोकांना राग येतो. येऊ दे.

ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्यावर माया करणाऱ्या माणसांनाही विचारा, हे कशावर दळलं, कोणत्या तव्यावर भाजलं, कोणत्या झाऱ्याने काढलं. विचारताना लाज वाटते. माणसं दुखावतात. मीही थकले आहे, दर लग्नात, दर हळदीकुंकवात तेच तेच विचारून. हा थकवा जात नाही, त्याची सवय होते.

मिक्सरच्या पिठाचे केक पुन्हा सुरू झाले. सोमवार बघितला. पुढचा सोमवार बघितला. तिने पोट धरलं नाही. तरी तपासणीच्या दिवसापर्यंत मला कशाचाच भरवसा नव्हता. इस्पितळात रिद्धी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर बसून होती, आता मांडीवर मावत नाही तरी.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता आधी तिच्याकडे बघितलं. "दुर्बीण नाही लागणार," त्या तिलाच म्हणाल्या.

आता रिद्धी दुसरीत आहे. आकडा उतरून जिथे असायला हवा तिथे आला आहे आणि तिथेच टिकला आहे. दुर्बीण परत घालावी लागली नाही. या जूनमध्ये तिचा गणवेश आखूड झाला आणि आम्हाला नवा घ्यावा लागला.